मावशीचे जुळे खळगे

आमची मावशी सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून एकच गोष्ट तपासत आली. पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं. आतली चरबी बाहेर काढून देणं हे त्याचं काम. नमुन्यात ते किती आहे हे मोजायची किट आमच्या कारखान्यात बनतात आणि प्रत्येक बॅच मावशी तपासून पास करते. शहाण्णव खळग्यांची प्लेट, तळाशी अँटीबॉडीचा लेप. प्रथिन जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद. मी पॅकिंगमध्ये आहे, त्यामुळे या ज्ञानाचा मला काडीचाही उपयोग नाही.

प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालायचा आणि दोन्ही आकडे जुळायला हवेत, असा नियम. मावशीने तो घरीही लावला होता. कुठे गेला होतात, हे ती काकांना दोनदा विचारायची, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून.

यंदा लागोपाठ तीन बॅच नापास झाल्या. आकडे जुळेनात. मावशीच्या हातावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती, तेव्हा लेपातच खोट आहे हे ठरलं. लेप चढवणारी बाई नवीन होती. चौथी बॅच बिघडली तर घरी बसा, असं साहेबांनी तिला बजावलं. मला साहेबांचा भयंकर राग आला आणि मी खोकी बांधत राहिले.

चौथीही जुळली नाही. मावशीने आकडे दोनदा वाचले. मग तिने लेपवालीला बोलावून नमुना मोजून घालायची आपली पिपेट तिच्या हातात दिली आणि चारही बॅचची एकेक प्लेट तिच्याकडून भरून घेतली. संध्याकाळी आकडे आले. सगळे जुळत होते.

मावशी ते कागद घेऊन केबिनमध्ये गेली. मी खोकी उचलायच्या निमित्ताने दारातच घुटमळले. तुमच्या प्लेटांना पंख्याचा वारा लागला असेल, असं साहेब तिला म्हणत होते.

"लेप चांगला आहे," मावशी म्हणाली. "माझा हात थरथरतो. कारणाच्या रकान्यात तेच लिहा."

साहेबांनी 'मानवी चूक' असं लिहिलं. मावशीने ते खोडायला लावून स्वतःचं नाव घालायला लावलं.

लेपवाली राहिली. मावशीला फायलींचं टेबल मिळालं. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, चहा केला आणि तिच्यापुढे अर्धाच कप ठेवला. तिने कपात डोकावून पाहिलं आणि तो माझ्याकडे परत सरकवला.

"पूर्ण भर," ती म्हणाली. "सांडला तर पुसेन मी."