पक्षी स्पष्ट, तळे पुसट

अर्जदार: मी स्वतः, फरीदाबादेत तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून गेली बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिणारा. घटनास्थळ: आमच्या वसाहतीमागील तळे. काळ: यंदाच्या ज्येष्ठातील काही सकाळी. साक्षीदार दोन: केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आमचे नागपूरकर शेजारी, आणि माझी पत्नी. पीडित: लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी. त्यांनी काठच्या चिखलात अंडी घातली होती आणि बांधकामाचा राडारोडा रोज त्यांच्या दिशेने सरकत होता.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. तथापि माझा मसुदा कचेरीने परत केल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे भराव थांबवण्याचा अर्ज मीच लिहावा, हे ओघाने आले. कचेरीचे म्हणणे असे की, तेथे पक्षी नाहीतच. सबब, पुरावा हवा होता. शेजाऱ्यांकडे कॅमेरा होता, परंतु त्यांचा हात अलीकडे कापतो. त्यांनी तो माझ्या गळ्यात अडकवला.

“पाय रोवा. कोपरं बरगड्यांना टेकवा. आता कमरेतून वळा. नुसती मान काय फिरवता, तुम्ही काही घुबड नाही!”

उडता पक्षी आधीच चौकटीत घ्यावा, त्याच्याच वेगाने वळत राहावे, कळ दाबावी, आणि दाबल्यावरही वळणे थांबवू नये, अशी ती रीत. मी मात्र सही झाल्यावर पेन उचलावे तसा कळ दाबताच थबकत असे. पहिले दोन दिवस माझ्या वाट्याला केवळ शेपट्या आल्या.

पक्षी उडेनात म्हणून मी टाळी वाजवायला हात उचलला.

“खबरदार! उडवायचं नाही, उडायची वाट पाहायची. अंडी उन्हात पडतील.”

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणून वारा पाठीवर घेऊन उभे राहावे, हेही त्यांनी सांगितले. तिसऱ्या सकाळी ते साधले. शटरचा वेग सेकंदाच्या साठाव्या भागावर होता. पक्ष्याचा डोळा टाचणीच्या टोकासारखा स्पष्ट आला, आणि मागचे सारे हिरव्या-तपकिरी रेघांत विरले. ते छायाचित्र मी मोठे करून अर्जाला जोडले.

कचेरीतील बाबूंनी ते उलटसुलट करून पाहिले. “मुंशीजी, चिड़िया तो एक नंबर है। पर है कहाँ की? पीछे तो कुछ दिख ही नहीं रहा।”

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “जन्मभर लोकांना बजावता, आधी ठिकाण लिहा, मग गाऱ्हाणं. आणि स्वतः ठिकाणच पुसून आलात?”

पुढच्या सकाळी शेजाऱ्यांनी वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेला. “आता वळू नका. टाकी चौकटीत धरा आणि गप्प बसा.” वसाहतीची निळी पाण्याची टाकी धरून मी तासभर बसलो. मग राडारोड्याचा ट्रक आला. शेकाट्यांनी दोन-तीनदा माना खालीवर केल्या. उडण्यापूर्वी ते असे करतात, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. मी कळ दाबून धरली.

टाकी, ट्रक, ओतला जाणारा राडारोडा, आणि त्यावर पंख पसरलेले दोन शेकाटे, एवढे सर्व एका चौकटीत आले. वेग वाढवल्याने उजेड कमी पडला, म्हणून पंखांवर थोडी रवाळ छटा आहे. पहिल्याइतके ते देखणे नाही, असे शेजारी आजही म्हणतात.

हे छायाचित्र या दुसऱ्या अर्जासोबत सादर केले आहे. मधल्या काळात अंडी फुटली असून पिल्ले चिखलात धावू लागली आहेत. त्यांना अद्याप उडता येत नाही. भराव त्यांच्यापासून दहा पावलांवर आहे.

सबब नम्र विनंती की, पिल्ले उडू लागेपर्यंत ट्रक थांबवावेत, आणि तसे लेखी उत्तर अर्जदारास त्यापूर्वी मिळावे.