सगळ्यांत मागे

ज्वारीच्या ओल्या ताटांचा वास आला की कुंभारीजवळच्या शेतवाटांवरची ती सकाळ आठवते. बायको गेली त्याच हिवाळ्यात एका दवाखान्याच्या मदतीसाठी तिथे शर्यत होती. ती गेल्यापासून मी पळालोच नव्हतो, म्हणून स्पर्धकांत न जाता मी सगळ्यांत मागे राहायचं काम मागून घेतलं. शेवटच्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि झुडपांना बांधलेल्या खुणेच्या फिती काढत यायचं. शेवटी होत्या गावातल्याच एक मावशी, नऊवारीवर पांढरे बूट घातलेल्या. बांधावरच्या करडईचे काटे पोटऱ्यांना लागत होते. फिती काढताना माझे डोळे सारखे भरून येत. मी थांबलो की त्याही थांबत. बऱ्याच वेळाने शेवटची रेघ दिसली तेव्हा मी म्हणालो, “मावशी, तुम्ही पुढे व्हा. तुमच्या मागून येणं हे माझं कामच आहे.” “असलं कसलं काम?” त्या हसल्या. “मला वाटलं, तुमालाच चालवंना. मागं बघितलं तर डोळं पुसत हुता. म्हनून हळू चालले की, न्हायतर कवाच पोचले असते.” अजूनही दरवर्षी त्या शर्यतीत मी मागेच पळतो. पुढचा माणूस रेंगाळायला लागला, की आधी स्वतःचं तोंड पुसून घेतो.