पाइप तापवला होता का?

कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात वेल्डर नानासोचा शब्द म्हणजे शब्द. वाफेच्या पाइपला त्याने जोड मारला, की साहेब लोक पुन्हा बघायलाही जायचे नाहीत. त्या जोरावर स्वारी जराशी फुगलेलीच असायची. त्यात लेक अंकिता सांगलीत इंजिनिअर झाली आणि जाड पाइपांचं वेल्डिंग संगणकावर तपासून द्यायचं पहिलंच काम तिला बापाच्या कारखान्यात मिळालं. मग काय विचारता!

जोड निवताना पोलादाच्या पोटात ताण अडकून राहतो; पाइप आधी तापवला नसेल तर फारच. तो कुठे आणि किती, हे अंकिता आकडे भरून चित्रात बघायची. निळं ते बरं, लाल ते धोक्याचं. तिने बापाला विचारलं, “आबा, जोड मारायच्या आधी पाइप तापवून घेतला हुता न्हवं?”

“व्हय तर! मला शिकवतीस व्हय गं?”

घेतला नव्हता. बॉयलर पेटवायचा मुहूर्त तोंडावर आलेला, पूजेला बसायचं जोडपं ठरलेलं, मांडव घातलेला. तापवत बसायला सवड कुणाला? गार पाइपवरच त्याने काम उरकलं होतं. लेकीपुढे ते कबूल करायची लाज वाटली, एवढंच. पाइप तापवला असं धरून तिने आकडे भरले आणि चित्र निळंशार आलं.

पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली आणि नेमका तोच जोड तडकला. मुहूर्त हुकला. चीफ इंजिनिअरनी मांडवात सगळ्यांदेखत अंकितालाच फैलावर घेतलं.

“मॅडम, हे चित्र काय भिंतीवर लावायचं? नानासोचा हात चुकत नाही. तुमचं गणित चुकलंय.”

“माझंच काहीतरी चुकलं असेल, सर,” ती खाली मान घालून म्हणाली.

नानासोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मांडवाच्या खांबाआड सरकला.

मंडळी जेवायला उठल्यावर तो तिच्याजवळ गेला. तिने घाईने लॅपटॉप मिटायला हात घातला, तरी त्याला दिसायचं ते दिसलंच. तोच जोड, आणि तडा गेला होता तिथेच लालभडक पट्टा.

“ह्ये कवा काढलंस?”

“तडा दिसला तवाच. पाइप गार धरून.” तिने आवाज आणखी खाली आणला. “ऱ्हाऊ द्या, आबा. तुमच्या शब्दावर लोकं चालत्यात.”

नानासोला तिथे उभं राहवेना. पंगतीतून वाट काढत तो चीफ इंजिनिअरसमोर गेला. एरवी ताठ असणारी मान वर होईना.

“सायेब, पाइप म्या तापवलाच न्हवता. पोरीला खोटं सांगितलं.”

मागे अंकिता येऊन उभी राहिल्याचं त्याला कळलं, पण वळून तिच्याकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.