सगळ्या गावाला माझं माप

घरोघरी शिलाई मशीन आल्यावर कपडे शिवायला कोण टाकणार?

हे मी एकदा भर कार्यक्रमात विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

ताई गेल्यापासून घरी बसायला येणारी माणसं चहा घेतात आणि मग तिच्या शिलाई वर्गाचा एखादा किस्सा काढतात. माझ्याकडे आधीच पुष्कळ होते, त्यात ही भर. मशीनखाली कातरण साठते तसे साठलेत. फेकवत नाहीत आणि कशाच्या कामाचेही नाहीत. सांगून टाकतो.

ताई म्हणजे रेखाताई, माझी मोठी बहीण. आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अलीकडे. मी सातवीत शाळा सोडली, रिसोडच्या मार्केटात सोयाबीनची पोती उचलतो. ताई बारावी झाली होती. तिला नोकरी पाहिजे होती. सरकारलाही तिला नोकरी द्यायची होती, तसं बॅनरवर लिहिलेलं असायचं. दोघांची गाठ काही पडली नाही. पोळ्याच्या आठवड्यात ताप आला आणि ताई गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

*

पहिला किस्सा त्या प्रश्नाचाच. गावाच्या दुसऱ्या टोकाला समाज मंदिरात शिलाई वर्गाचं उद्घाटन होतं. तीसेक बाया आणि पोरी सतरंजीवर बसल्या होत्या. मी ताईला गाडीवरून सोडायला आलो होतो, दारातच उभा राहिलो. पाहुणे म्हणाले, गावातली प्रत्येक महिला शिवणकाम शिकणार, प्रत्येक घरी मशीन येणार, प्रत्येकीला घरबसल्या रोजगार मिळणार.

मला राहवलं नाही. माझं असंच आहे, तोंड आधी उघडतं.

"सायेब, सगळ्याच शिवायले बसल्यावर शिवायले टाकनार कोन?"

बाया हसल्या. पाहुणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." मग नारळ फोडला.

परत येताना ताईने मागून असा चिमटा काढला की गाडी डगमगली. "तुले कोनं बोलाले सांगतलं होतं?" असं म्हणाली. घरापाशी उतरताना म्हणाली, "पन इचारलं बरोबर."

*

ती योजना संपली. सहा-सात महिन्यांनी दुसरी आली. मंदिर तेच, शिकवणाऱ्या मॅडम त्याच, बाया त्याच. फक्त बॅनर नवीन. आणि नवीन योजनेत पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं, म्हणजे सरळ शिलाईपासून.

पहिल्याच दिवशी योजनेचे साहेब पाहणीला आले. बायांनी सरसर सरळ शिलाई मारून दाखवली. साहेब मॅडमला म्हणाले, "यांना तर येतं. मग आपण शिकवायचं काय?"

मॅडमचा चेहरा उतरला. वर्ग बंद झाला असता तर त्यांचाही रोजगार गेला असता. म्हणून पुढच्या पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की उद्या जरा वाकडं शिवा. महिन्याने सरळ शिवा, म्हणजे प्रगती दिसेल.

सगळ्यांनी वाकडं शिवलं. एकीने तर असं शिवलं की साहेबांना तिची काळजी वाटली. ताईची शिलाई मात्र दोरीसारखी सरळ. तिचा हात वाकडा जाईच ना. साहेब गेल्यावर मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "रेखे, तुले इतकं साधं वाकडं बी येत नाई का वं?"

*

मशीन एकदाची मिळाली. पण नुसतं वरचं मुंडकं. खालचा स्टँड, पायटा, टेबल हे सगळं दुसऱ्या मंजुरीतून मागाहून येणार होतं. ते मागाहूनच राहिलं.

बाबांनी जुन्या दाराच्या फळीवर ते मुंडकं बसवलं. पायटा नसल्यामुळे चाक हाताने फिरवावं लागायचं. ताईचे दोन्ही हात कापडावर, म्हणून चाक माझ्याकडे. संध्याकाळी मार्केटातून आलो की आम्ही दोघं बसायचो. ती कापड सरकवायची, मी चाक फिरवायचो.

माझा हात कायम जोरात.

"हयू फिरव. पोते नाई उतरवून राह्यला तू."

तशी तिने पहिली वस्तू शिवली ती मायची चोळी. मग बाबांना पानाची चंची, आतून गुप्त कप्पा असलेली. मग काकूच्या नातवाला टोपडं आणि दुपटं. कापड सगळं शिरपूरच्या शेठजींच्या दुकानातलं, उरलेले तुकडे. शेठजी विचारायचे, बाई, धंदा कधी सुरू करणार? ताई म्हणायची, आधी घरचे तं होऊ द्या. खरं म्हणजे घरच्यांशिवाय गिऱ्हाईक नव्हतंच. शेजारच्या प्रत्येक घरात एक मशीन होती आणि प्रत्येक घर आपापलं शिवत होतं.

*

हा छोटा आहे. माझ्या गाडीचं सीट फाटलं होतं. ताईने मला न विचारता त्याला कव्हर शिवलं. लाल ब्लाऊजपीसचे तुकडे आणि चारही बाजूंनी साडीचा जरीचा काठ, कारण तोच तेवढा लांब उरला होता.

दुसऱ्या दिवशी मार्केटात गाडी लावली तर सगळे हमाल भोवती. आमचा मुकादम म्हणाला, "काहून रे गजा, नवरी कुठून पळवून आनली?"

आठवडाभर तेच चाललं. घरी येऊन मी ताईवर ओरडलो की काढून टाक. तिने नुसती कात्री माझ्या हातात दिली. मी काही कापलं नाही. काठ अजून आहे. उन्हाने थोडा काळा पडलाय.

*

आता गावात सगळ्यांना माहीत असलेला किस्सा.

त्या वर्षी वर्गाच्या परीक्षेला पुरुषाचा शर्ट होता. शर्टाला माप लागतं. निम्म्या बायांचे नवरे पुण्याकडे बांधकामावर. ज्यांचे गावात होते त्यांच्या बाया म्हणाल्या, सगळ्यांसमोर नवऱ्याला टेप लावायचा म्हणजे काय. मॅडमने इकडेतिकडे पाहिलं. दारात मी उभा होतो.

मला आत ओढून मधोमध उभं केलं. तीस बाया माप घेताना बघत होत्या. छाती, लांबी, बाही, गळा, सगळं फळ्यावर लिहिलं गेलं. मी कानापर्यंत लाल. ताई कोपऱ्यात पदर तोंडात धरून हसत होती.

शेठजींनी निळ्या चौकड्यांचा एक अख्खा तागा स्वस्तात दिला. सगळ्यांनी फळ्यावरचंच माप घेतलं आणि तीस शर्ट शिवले. परीक्षा झाली, शर्ट जिचा तिला परत मिळाला आणि दिवाळीत प्रत्येकीने आपापल्या माणसाला हौसेने भेट दिला. नवरे गावी आलेच होते.

पाडव्याच्या सकाळी पारावर अख्खं गाव निळ्या चौकड्यांत. आणि सगळ्या गावाला माझं माप! सरपंचांच्या पोटावर एक बटण लागत नव्हतं. म्हातारे आबा शर्टात हरवले होते, बाहीतून नुसती बोटं दिसत होती. पण एकानेही अंगातून काढला नाही. घरच्या बाईने शिवलेला पहिला शर्ट, काढणार कोण? जऊळक्याहून आलेल्या एका पाहुण्याने मला हळूच विचारलं, तुमच्या गावचा बँड एका लग्नाचे किती घेतो.

*

त्या तीस शर्टांत एकच वेगळा होता.

पोती वाहून वाहून माझा उजवा खांदा खाली उतरलाय. आरशात पाहिल्याशिवाय माझ्याही लक्षात येत नाही. फळ्यावर दोन्ही खांद्यांचं माप एकच लिहिलं होतं. ताईने घरी येऊन मला पुन्हा उभं केलं, खांद्यांवरून हात फिरवला आणि उजवी बाजू उतरती कापली.

परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी तिचा शर्ट टेबलावर पसरला, पट्टी ठेवली आणि खांदा वाकडा म्हणून मार्क कापले. ताई म्हणाली, "सर, मानूसच तसा हाय." सर म्हणाले, परीक्षेत माणूस नसतो, माप असतं.

पहिल्या पाचांत आलेल्यांना वाशिमच्या एका कारखान्यात पाठवणार होते. ताई सहावी.

मॅडमनेच मला हे सांगितलं, परवा बसायला आल्या तेव्हा. म्हणाल्या, "वाकडं शिव म्हनलं तवा सरळ शिवलं. सरळ शिवाचं तवा वाकडं." हसायला गेल्या आणि मग मायच्या गळ्यात पडून रडल्या.

भाऊबीजेला ताईने तो शर्ट मला दिला. ओवाळणीत मी काय टाकलं ते मला आठवत नाही. कसा बसतो म्हणून तिने मला अंगणात गोल फिरवलं. आजवर प्रत्येक शर्टाची शिवण माझ्या खांद्याला टोचली. फक्त तो एक टोचत नाही.

*

उन्हाळ्यात पाचांतली एक पोरगी काम सोडून गेली आणि ताईला बोलावणं आलं. माय देवापुढे साखर ठेवून आली. बाबांनी एकच विचारलं, "जाशीन कशी?"

मी दुसऱ्या दिवशी एसटीच्या वेळा पाहून आलो. सकाळची पहिली बस निघायच्या आधी कारखाना सुरू व्हायचा. संध्याकाळी सुटायच्या आधी शेवटची निघून गेलेली असायची. मी म्हटलं, मी सोडतो, मी आणतो. ताई म्हणाली, मग मार्केटात पोती कोण उचलेल? एकाले काम लागाचं म्हणून दुसऱ्याचं सोडाचं, हा कोनता रोजगार?

मी चिडलो. सरकारला शिव्या दिल्या, एसटीला दिल्या, तिलाही दिल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. सुईत दोरा ओवत होती.

मग म्हणाली, "गजू, पुढच्या खेपी कोनी बलावलं तं काम काय हाय, ते मांगून इचारजो. पयले गाडीची सोय इचारजो."

*

हा शेवटचा. हा अजून कोणाला सांगितला नाही.

ताईचा फोन मी रोज चार्ज करतो. का ते विचारू नका. गेल्या आठवड्यात तो वाजला. पलीकडे एक पोरगी. म्हणाली, रेखाताईंचं नाव आमच्याकडे नोंदवलेलं आहे, उद्या वाशिमला रोजगार मेळावा आहे, स्वतः शिवलेला एक नमुना घेऊन यायला सांगा.

मी म्हणालो, बरं.

सकाळी मायला मार्केटात जातो असं सांगितलं. निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला आणि गाडी वाशिमकडे वळवली.

मोठा मांडव होता. एका टेबलासमोर पोरींची रांग, प्रत्येकीच्या हातात पिशवी. मीही रांगेत उभा राहिलो. पोरी एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या. टेबलामागे टक्कल असलेला, गळ्यात टेप अडकवलेला एक माणूस बसला होता. त्याच्या डोळ्यांवर झोप होती.

"हे मुलींसाठी आहे," तो म्हणाला.

"बहिनीसाठी आलो."

"नमुना?"

"आंगावर हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, टेबलाला वळसा घालून आला. कॉलर ओढून पाहिली. खालची घडी उलटी केली, बगलेची शिवण चिमटीत धरून ताणली. मग त्याचा हात माझ्या उजव्या खांद्यावर आला आणि तिथे थांबला.

"हमाली करतो का?"

"हो."

त्याने डाव्या खांद्यावर हात ठेवला, पुन्हा उजव्यावर ठेवला. परत जाऊन खुर्चीत बसला.

"बहिणीनेच शिवला?"

"तिनंच."

"सोमवारपासून पाठव."

मागची पोरगी पुढे सरकली. मी जागचा हललो नाही.

"आणखी काय?"

"गाडीची सोय हाय का?" मी विचारलं.

"शिरपूर फाट्यावर सकाळी कंपनीची गाडी येते. संध्याकाळी तिथंच आणून सोडते."

"बरं," मी म्हणालो. "सांगतो तिले."