तिरफळांपाशी अडलेला श्वास

“काल काय शिजवलंत?” भांडुपचे आमचे डॉक्टर तपासणीला इथून सुरुवात करायचे. स्टेथोस्कोप बाजूला ठेवून डोळे मिटायचे आणि अख्खी पाककृती ऐकायचे. ज्याला स्वयंपाक येत नाही, त्याने स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता सांगायचा. नवख्याला वाटे, म्हातारा खवय्या आहे. तुम्ही त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसला असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

माझी बायको मालवणकडची. तिच्या प्रत्येक सर्दीखोकल्यात डॉक्टरांनी तिच्याकडून बांगड्याचं तिखलं ऐकलेलं. ती ते कुठेही न थांबता सांगायची.

एकदा तिचा ताप उतरेना. छातीचा एक्स-रे स्वच्छ, तपासण्या निगेटिव्ह, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन पंच्याण्णव. माझा विश्वास आकड्यांवर. मी कागद पुढे केले आणि साधा फ्लू असणार, असंही सांगून टाकलं.

त्यांनी तिला तिखलं विचारलं. सवयीने मीच उत्तर देऊ लागलो.

“तुम्ही गप्प बसा हो. आजारी वहिनी आहेत.”

ती सांगू लागली. बांगडे, हळद, मिरची. तिरफळांपाशी अडली, श्वास घेतला, पुढे गेली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. डॉक्टरांनी मात्र डोळे उघडले. तिला दारासमोर थोडं चालवून आणलं आणि यंत्र पुन्हा लावलं. एकोणनव्वद.

एक्स-रे खोटा का, मी विचारलं. खोटा नाही, आजाराच्या मागे पडलाय, ते म्हणाले. न्यूमोनिया होता, बहुधा विषाणूचा. कोणत्या, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि तसं सांगायला ते कचरले नाहीत.

“नाव मागाहून कळेल. ऑक्सिजन आज लागेल. निघा.”

रुग्णालयातल्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग दिसले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विषाणूचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

बरी झाल्यावर आम्ही दवाखान्यात गेलो. त्यांनी पुन्हा तिखलंच मागितलं. तिने ते न थांबता संपवलं. डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले, “मीठ राहिलं, वहिनी.”

“ता काय सांगूक व्हया?”

आता डॉक्टर नाहीत. दवाखान्याचं शटर बंद असतं. दिंडोशीला राहणारी आमची मुलगी कधीतरी फोनवर आईला तिखलं विचारते. मी टीव्हीचा आवाज बंद करतो, डोळे मिटतो. तिरफळं येतात, मागे पडतात. मग कोकमाचं आगळ. आणि शेवटी, न विसरता, मीठ.