पेल्हम चौकाचं पाचवं तोंड

डेरिक हॉबडेंनी अर्लीन बोवेलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्यावरचं हेल्मेट आणि पायातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सोडले तर तिच्या अंगावर काही नव्हतं. दक्षिण लंडनमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी सायकल आडवी घालून ती उभी होती आणि टॅक्सीच्या खिडकीशी वाकून आतल्या माणसाला सांगत होती, "इंजिन बंद कर, बाळा. सहा मिनिटं लागतील. उगाच पेट्रोल कशाला जाळतोस?"

टॅक्सीवाल्याने मुकाट्याने किल्ली फिरवली. तिच्या पाठीमागून शेदीडशे उघडी माणसं सायकलींवरून घंट्या वाजवत निघून गेली. बरोबर सहा मिनिटांनी तिने सायकल बाजूला घेतली आणि "आभारी आहे" म्हणून निघाली. हॉबडे फुटपाथवर नीट कपड्यांत उभे होते. तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. न ओरडता वर्ग शांत करणारं माणूस त्यांना लांबूनही ओळखू येत असे. पुढच्या मंगळवारी ते दर जूनमधल्या त्या उघड्या सायकलफेरीच्या स्वयंसेवकांच्या बैठकीला गेले आणि नकाशे काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

अर्लीन एकसष्टची. आईवडील बार्बाडोसहून आलेले, ती मात्र इथेच जन्मलेली. सत्तावीस वर्षं दुमजली बस चालवत होती. सहा वर्षांपूर्वी पेल्हम चौकात सिग्नलला थांबली असताना तिच्या डोळ्यांदेखत एक ट्रक डावीकडे वळला आणि सायकलवरची एक मुलगी चाकाखाली गेली. अर्लीन उतरून तिच्याजवळ रस्त्यावर बसली होती. मुलीचं नाव तिला दुसऱ्या दिवशी समजलं.

"पिवळंधमक जाकीट होतं तिच्या अंगावर," एवढंच ती सांगायची. "तरी ट्रकवाला म्हणाला, दिसली नाही. आता आम्ही असे येतो. बघू दिसतो का."

फेरी पेल्हम चौकातून न्यायची, मुलगी पडली त्या कोपऱ्यावरून, एवढाच तिचा हट्ट. सलग चार वर्षं पोलिसांनी नाही म्हटलं होतं. पाचव्या वर्षी सार्जंट किन्सेला नावाच्या बाईंनी होकार दिला, पण अटीवर. फेरीचं डोकं पोचायच्या आधी चौकाच्या प्रत्येक तोंडाशी दोन-दोन स्वयंसेवक उभे हवेत. एक तोंड जरी मोकळं दिसलं, तर सगळी फेरी बागेच्या रस्त्याने वळणार.

"आणि एकदा वळली," अर्लीन बैठकीत म्हणाली, "की पुन्हा दहा वर्षं कोणी विचारणार नाही."

गल्लीचं तोंड सायकलींनी अडवून धरण्याला ती मंडळी बूच लावणं म्हणत. अर्लीनने त्यासाठी आठ जण निवडले आणि दोन महिने त्यांना पिडलं. प्रत्येकाला आपापल्या तोंडाशी तीन-तीन दुपारी उभं केलं. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. किती मिनिटं लागतील ते सांगायचं. माफी मागायची नाही आणि भांडायचं तर मुळीच नाही.

"आणि त्याने शिवी दिली तर?" एकाने विचारलं.

"तर म्हणायचं, आभारी आहे. सत्तावीस वर्षं तेच करत्येय. नवरासुद्धा त्याच्यावरच टिकलाय."

हॉबडेंच्या नकाशावर चौकाला चार तोंडं होती. अर्लीनने लाँड्रीमागच्या बोळावर बोट ठेवलं. "मास्तर, हे?"

"तिथे लोखंडी खांब आहेत, गाडी येत नाही. मी स्वतः बघून आलोय."

"बघून आलात ना? मग झालं."

जूनमधल्या शनिवारी दुपारी दोन वाजता मैदानात आठशे माणसं जमली. 'धजेल तेवढं उघडं' हा तिथला नियम. कोणी अंग निळं रंगवलेलं, कोणी नुसते मोजे घातलेले. हॉबडे तीन वर्षांत गुडघ्यापर्यंतच्या चड्डीपलीकडे धजले नव्हते. आठ स्वयंसेवकांनी कपडे सामानाच्या व्हॅनमध्ये टाकले, दंडावर रंगाने आपापल्या तोंडाचा आकडा काढून घेतला आणि पुढे निघून गेले. वीस मिनिटांनी अर्लीनने फेरी हलवली. हॉबडे शेजारी आणि सामानाची व्हॅन लगेच पाठीमागे ठेवून, सगळ्यांत हळू माणसाच्या वेगाने ती पुढे चालली होती, आणि पेल्हम चौक जवळ येईल तशी तिची पाठ ताठ होत होती.

चौक दोन वळणांवर राहिला तेव्हा सार्जंट किन्सेलांनी मोटारसायकल आडवी घातली.

"हाय स्ट्रीटवर पाण्याचा मोठा पाइप फुटलाय. पाणीवाल्यांनी लाँड्रीमागच्या बोळातले खांब काढलेत. गाड्या तिथून चौकात येतायत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "ते तोंड बंद नाहीये, अर्लीन. दहा मिनिटं देते. नाहीतर बागेच्या रस्त्याने."

मागे आठशे माणसं थांबली. घाईघाईने हॉबडेंनी खिशातून फोन काढला. चौकाच्या ग्रंथालयाकडच्या तोंडाशी रहदारी कमी असते, तिथल्या दोघांना बोळाकडे पाठवता आलं असतं. त्यांनी नंबर लावला. लगेच मागच्या व्हॅनमध्ये कुठेतरी घंटी वाजू लागली. दुसरा लावला. तोही व्हॅनमध्येच वाजला, कुणाच्या तरी पँटीच्या आत.

अर्लीनने कपाळाला हात लावला. "दोन महिने मी यांना सगळं शिकवलं, मास्तर. नागड्या माणसाला खिसा नसतो हे माझ्याच डोक्यात आलं नाही."

"आणि बोळ माझ्या डोक्यात आला नाही," हॉबडे म्हणाले. "मी जातो. बरोबर कुणालातरी घेतो."

"नवा माणूस भांडत बसेल. मी येते."

"अर्लीन, तुम्ही पुढे असायला हव्यात. बोळातून तो कोपरा दिसतसुद्धा नाही, मध्ये लाँड्रीची भिंत आहे. सहा वर्षं तुम्ही याचीच—"

"मला बघायचं नाहीये. फेरी तिथून जायला हवी." ती पेडलवर उभी राहिली. "चला, मारा पाय. आणि पोचलो की बाईंना फोन करा. खिसा तुम्हालाच आहे."

हॉबडेंनी चाळीस वर्षांत इतक्या जोरात सायकल हाणली नव्हती. बोळाशी पोचले तेव्हा चार मिनिटं उरली होती. एक गाडी निसटून चौकात गेली. तिच्यामागे खडीचा ट्रक येत होता, डावीकडचा दिवा लुकलुकत होता. हॉबडे त्याच्या बाजूने पुढे धावणार, तेवढ्यात अर्लीनने त्यांचा दंड धरून मागे ओढलं.

"तिथे नको! तिथे तुम्ही त्याला दिसत नाही."

ती वळसा घालून ट्रकच्या नाकासमोर, दहा पावलं पुढे, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सायकल आडवी. ट्रक येतच होता. तिची मान वर होती, काचेमागचे डोळे शोधणारी.

ब्रेक किंचाळले. ट्रक तिच्यापासून एका सायकलीच्या अंतरावर थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"अगं ए म्हातारे! कपडे कुठे गेले तुझे?"

"व्हॅनमध्ये. दिसले मी तुला?"

"दिसणार नाहीस तर काय!"

"बरं झालं. इंजिन बंद कर, बाळा. अकरा मिनिटं लागतील."

हॉबडे तोवर तिच्या शेजारी सायकल आडवी घालून उभे राहिले होते. त्यांनी सार्जंटबाईंना फोन लावला. "बंद आहे. दोघं आहोत."

त्या म्हणाल्या, "सोडते."

भिंतीमागे काही दिसत नव्हतं. आधी शिट्ट्या आल्या, ढोल आला, कुणाचं तरी गाणं आलं. मग चौकात शिरताना एकेक आवाज थांबत गेला. कोणी ठरवलं नव्हतं. शेवटी नुसत्या साखळ्यांचा आवाज उरला, आठशे सायकलींचा, आणि तो बराच वेळ चालला. अर्लीन भिंतीकडे पाहत नव्हती. तिचे डोळे ड्रायव्हरवर होते, कारण ते काम अजून संपलं नव्हतं. हॉबडेंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

ड्रायव्हर खाली उतरून ट्रकला टेकून उभा होता. त्याने हळूच विचारलं, "कुणी गेलं का?"

"हो," ती म्हणाली. "एकवीस वर्षांची होती."

त्याने टोपी काढली आणि शेवटचा सायकलवाला जाईपर्यंत परत घातली नाही.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. चौकात सायकलींसाठी वेगळा सिग्नल अजून लागलेला नाही, पण फेरी दर जूनमध्ये तिथून जाते. अर्लीन आता चौसष्टची आहे. ती आठवड्यातून तीन दिवस डेपोत नव्या बसचालकांना शिकवते, आणि कामावर सायकलनेच जाते.