गोळी सोडायची शपथ

दादा तुरुंगातून सुटून आला तेव्हा चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये सगळ्यांना वाटलं, आता सुधारला असेल. गर्द ओढताना पुडीसकट पकडला गेला होता. आत त्याला औषध कुणी दिलं नाही. पुड्या कुठे मिळतात याचे नवे पत्ते मात्र मिळाले. बाहेर आल्यावर लगेच परत सुरू. इंडस्ट्रियल इस्टेटमधलं लेथवरचं काम गेलंच होतं. त्याच्या तारखांना कोर्टात खेटे घालून आईचंही पोळ्यांचं काम सुटलं. सरकारने एकाला आत पोसलं आणि घरातल्या दोघांची कमाई बुडवली. यात समाजाचा फायदा काय झाला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दादा सावरला तो उपचार केंद्रात. रोज सकाळी नर्ससमोर एक गोळी जिभेखाली विरघळवायची आणि कामाला जायचं. तलफ मरते, अंग दुखत नाही, झोप लागते. लेथ परत मिळाला.

मग गणपती आले. मंडळाचा विषय व्यसनमुक्ती. देखाव्यात थर्माकोलचा तुरुंग, गजांआड पुतळा. आरतीनंतर व्यसन सुटलेल्या माणसाने नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची असं ठरलं. माणूस अर्थात दादा. सेक्रेटरी काका शपथ पढवायला घरी आले.

"गर्द नाही, दारू नाही, ती गोळीसुद्धा नाही."

"गोळी औषध आहे, काका," मी म्हटलं.

"कसलं औषध गं? एक सोडलं, दुसरं धरलं."

"मग बाप्पासमोर तुम्ही बीपीची गोळी सोडा. आधी तुम्ही."

"त्या केंद्रातली पत्रकं वाचून वाचून बिघडलीय ही," काका आईला म्हणाले.

आई त्यांच्याच बाजूची. आमच्या कोकणातल्या माणसांना देवापुढे दिलेला शब्द डॉक्टरपेक्षा पक्का वाटतो. "झिला, घे रे शपथ," ती म्हणाली. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, गोळी एकदम सोडलीस तर पुन्हा गर्दकडे जाशील, आणि सवय तुटलेली असताना पूर्वीइतकं ओढलंस तर जीव जाईल. देवाला दिलेला शब्द दादालाही मोडवणार नव्हता.

आरती झाली. माईकसमोर त्याने नारळावर हात ठेवला. "गर्दला हात लावणार नाही. दारूला पण नाही."

"गोळी, गोळी!" काका कानाशी कुजबुजले.

"आणि गोळी रोज घेईन. डॉक्टर बस म्हणेपर्यंत."

टाळी पडली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ही काय शपथ झाली का यार?" काका माईककडे सरसावले. "थांबा, थांबा, परत घेऊया."

तेवढ्यात आईने दादाच्या हाताखालचा नारळ उचलला. "परत कशी? देवासमोर बोललाय तो. आता शब्द बदलायचा नाही," म्हणाली, आणि पायरीवर नारळ फोडून मोकळी झाली.